तेल, पाणी आणि पोकळी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कोरपना येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही "पायसाच्या साच्यातून घडविलेली सच्छिद्र बहुवारिके" असा विषय कळविताच मंडळींमध्ये थोडी चलबिचल झाली. पायस म्हणजे खीर, तेव्हा गुरुजी पाककृती सांगणार की काय, अशी शंका एका भगिनींनी बोलून दाखविली. ती अगदीच चुकीची नव्हती. ज्या पदार्थाविषयी आज बोलावयाचे आहे, तो स्वयंपाकघरातील कृतींचाच दूरचा नातलग आहे. आम्ही प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षक. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. म्हणून जे आम्हांस समजले तेवढेच, आणि समजले त्याच भाषेत, आपणांपुढे ठेवतो.

हाच विषय या व्यासपीठावर का, याचा खुलासा प्रथम करणे युक्त होईल. आपण तेली समाजाचे लोक. आपल्या पूर्वजांचा घाणा गेला. बैल गेला, लाट गेली, आणि घाण्याचे उखळ कोठे अंगणात तुळशीशेजारी पालथे पडले. आपली मुले आता आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथील सिमेंटच्या कारखान्यांत जातात, शाळेत शिकवितात, कचेरीत बसतात, शेती तर करतातच. हे सर्व चांगलेच आहे. परंतु गेल्या बैठकीत एका तरुणाने विचारले की, "तेल आणि आपण यांचा आता आडनावापुरता तरी संबंध उरला आहे काय?" त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे आमच्या परीने उत्तर आहे.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ही गोष्ट पोरसवदा मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यांचे न मिसळणे कसे वापरून घ्यावे, हे ज्ञान आपल्या वाडवडिलांपाशी होते. घाण्यात तीळ टाकल्यावर त्यावर बेताने पाणी शिंपडावे लागे. ते योग्य झाले म्हणजे चोथा एकत्र येई, ढेप धरली जाई आणि तेल मोकळे होऊन सुटे. पाणी कमी पडले तर तेल भुग्यातच अडकून राही. जास्त झाले तर सगळाच लगदा होऊन बसे. हा बेत कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो हाताला कळत असे.

घरातील स्त्रियांचे ज्ञान याहून सूक्ष्म. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे अतिसूक्ष्म थेंब. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे असे बारीक थेंब पसरले म्हणजे त्या मिश्रणास शास्त्रात "पायस" म्हणतात. विरजण लावून रवीने घुसळले की एका क्षणी उलथापालथ होते. आजवर पाणी बाहेर आणि स्निग्ध आत होते. आता स्निग्ध बाहेर येते आणि पाणी थेंबाथेंबाने त्याच्या आत कोंडले जाते. तेच लोणी. लोण्यात सुमारे शंभरात सोळा भाग पाणी असते. लोणी कढविताना जी तडतड ऐकू येते, ती या कोंडलेल्या पाण्याची सुटका होय. तडतड थांबली म्हणजे तूप झाले, हे सांगावयास आईला तापमापक लागत नाही.

आता या लोण्याचाच विचार थोडा पुढे नेऊ. लोण्यात पाणी थोडे आणि स्निग्ध फार. त्याऐवजी पाणी फार आणि तेल अगदी थोडे, तरीही पाणी आत आणि तेल बाहेर, असे करता येईल काय? शंभर भागांत नव्वद भाग पाण्याचे थेंब, आणि त्यांच्या सभोवार दहाच भाग तेलाची पातळ भिंत? प्रथमदर्शनी हे अशक्य वाटते.

अशक्य का वाटते, ते संत्र्यांच्या राशीवरून समजेल. नागपूरच्या बाजारात फळवाला संत्री रचतो, तेव्हा खालच्या तीन-चार संत्र्यांमधील खळग्यात वरचे संत्रे बसवितो. सारख्या आकाराचे गोल याहून दाट रचता येत नाहीत, असे केप्लर या ज्योतिर्विदाने १६११ साली म्हणून ठेविले. त्याची सिद्धता थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९८ साली मांडली, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनी. या रचनेत गोलांनी जागेचे शंभरात चौऱ्याहत्तर भाग व्यापलेले असतात. उरलेले सव्वीस भाग म्हणजे मधल्या फटी. तेव्हा पाण्याचे सारखे गोल थेंब तेलात भरावयाचे झाले, तर चौऱ्याहत्तर भागांवर थांबावे लागेल, असे कोणीही म्हणेल.

परंतु थेंब म्हणजे संत्रे नव्हे. तो दाबला तर चपटा होतो. पाणी थेंबाथेंबाने घालीत राहिले आणि मिश्रण सतत ढवळीत राहिले, तर चौऱ्याहत्तरची मर्यादा ओलांडल्यावर थेंब एकमेकांस टेकून आपले गोलपण सोडतात. त्यांना मधाच्या पोळ्यातील घरांप्रमाणे सपाट बाजू येतात, आणि दोन थेंबांमध्ये तेलाचा केवळ एक पातळ पापुद्रा उरतो. मिश्रण इतके घट्ट होते की भांडे कलते केले तरी ते वाहत नाही. हल्लीची मुले पावाला जे मेयोनीज फासतात, ते याच जातीचे. फक्त तेथे तेल आत आणि पाणी बाहेर असते. अशा दाट पायसाची भूमिती लिसंट या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडली.

तेलाचे पापुद्रे फाटू नयेत म्हणून एक मध्यस्थ लागतो. त्याचे एक टोक पाण्याशी सख्य ठेवते व दुसरे तेलाशी. साबण हा असाच मध्यस्थ आहे. लग्नकार्यात दोन्ही घरांशी बोलणारा एखादा मामा असतो, तद्वत. या कामी पुष्कळदा जो पदार्थ घेतात, तो ओलेइक आम्लापासून केलेला असतो. आणि हे आम्ल आपल्या भुईमुगाच्या तेलात विपुल असते. म्हणजे परप्रांतीच्या प्रयोगशाळेतही तेल्याच्या घरची वस्तू गेली आहेच.

येथवर पायसाची कथा झाली. आता बहुवारिकाची.

जवस हे आपल्या विदर्भाचे जुने पीक. जवसाचे तेल लाकडाला चोळून ठेविले म्हणजे काही दिवसांनी ते "वाळते", असे आपण म्हणतो. पाणी वाळते ते उडून जाते म्हणून. जवसाचे तेल उडून जात नाही. उलट हवेतील प्राणवायू घेऊन त्याचे वजन किंचित वाढते. तेलाचे सुटे रेणू प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांचे हात धरतात, साखळ्या होतात, साखळ्या एकमेकींस आडव्या बांधल्या जातात, आणि द्रवाचे घन कातडे बनते. सुट्या रेणूस एकवारिक आणि त्यांच्या साखळीस बहुवारिक म्हणतात. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन ही सारी बहुवारिके. क्रिकेटच्या बॅटीला मुले जवसाचे तेल लावतात, तेव्हा ती बहुवारिकच घडवीत असतात. फक्त त्यांना कोणी तसे सांगत नाही.

आता दोन्ही धागे एकत्र बांधू. पायसातील तेलाच्या जागी असे एकवारिक घ्यावयाचे की जे उष्णतेने घट्ट होईल. सामान्यतः स्टायरीन घेतात. साखळ्या आडव्या बांधण्यासाठी त्यात डायव्हिनिल बेंझिन घालतात. पाण्यात थोडे क्षार टाकतात, म्हणजे लहान थेंब विरून मोठे होण्याची क्रिया मंदावते. साखळी सुरू करून देणारे पोटॅशियम परसल्फेट तेथेच विरघळवितात. हे पाणी एकवारिकात थेंबाथेंबाने, न थांबता ढवळीत, घालावयाचे. नव्वद भाग पाणी आत गेले म्हणजे पांढरे, लोण्यासारखे पायस तयार होते. ते भांड्यात भरून सुमारे साठ अंशांवर काही तास ठेवावयाचे. पापुद्र्यांतील एकवारिक घन होते. मग ते धुऊन, पाणी काढून वाळविले की हाती येतो एक पांढरा, हलका ठोकळा. जेथे जेथे थेंब होता, तेथे तेथे आता पोकळी असते.

येथे पाण्याचे काम केवळ साच्याचे झाले. शेजारच्या आदिलाबाद भागातील वोज कारागीर पितळेच्या मूर्ती करताना आधी मेणाचा आकार घडवितात, त्यावर मातीचा लेप देतात, आणि मेण वितळवून काढून त्या जागी धातू ओततात. या डोकरा कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मेण मूर्तीत उरत नाही, पण मूर्तीची प्रत्येक रेघ मेणाने ठरविलेली असते. आपल्या ठोकळ्यातही पाणी उरत नाही. पण प्रत्येक छिद्राचा आकार पाण्याने ठरविलेला असतो. थेंब बारीक करावेत, छिद्रे बारीक होतात; थेंब मोठे ठेवावेत, छिद्रे मोठी होतात.

चतुर विद्यार्थी येथे विचारील की, "गुरुजी, थेंबाभोवती सर्व बाजूंनी भिंत असेल, तर आतले पाणी बाहेर येईल कसे?" प्रश्न रास्त आहे. एकवारिकाचे बहुवारिक होताना ते किंचित आकसते. दोन थेंबांमधला पापुद्रा जेथे सर्वांत पातळ असतो, तेथे तो फाटतो आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी तयार होते. घर बांधून झाले की त्यास आपोआप खिडक्या पडाव्यात, असा हा प्रकार. थर्मोकोलशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. थर्मोकोल हेही स्टायरीनचेच बहुवारिक. परंतु तेथे पोकळ्या वायूने फुगवून केलेल्या आणि बंद असतात. म्हणून थर्मोकोल पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही. आपला ठोकळा द्रव आत घेतो, कारण त्याच्या सर्व खोल्या एकमेकींस जोडलेल्या आहेत. मूळ द्रव्य एकच. भेद आहे तो पोकळीच्या रचनेत.

आता थोडे गणित, कारण गणितावाचून आम्हांस व्याख्यान पुरे झाल्यासारखे वाटत नाही. एक लिटर पायसात नऊशे मिलिलिटर पाणी आहे आणि प्रत्येक थेंबाचा व्यास दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे, असे समजा. थेंबांची संख्या निघते सुमारे पावणेदोन लाख कोटी. त्या सर्वांच्या पृष्ठभागांची बेरीज केली, तर ती पाचशे चाळीस चौरस मीटर भरते, म्हणजे सव्वापाच गुंठ्यांहून थोडी अधिक. खिडक्यांची जागा त्यातून वजा करावी लागेल. तरीही लिटरभर मापात आणि सुमारे शंभर ग्रॅम वजनाच्या ठोकळ्यात गुंठ्यांनी मोजावी अशी जमीन गुंडाळून ठेविलेली असते. आपल्याकडील सिमेंटच्या कामात पोकळी राहिली तर तो दोष. येथे पोकळी हेच उत्पन्न.

या जमिनीवर पीक कोणते येते? मिश्रणातून हवा तो पदार्थ निवडून घेणे, पाण्यावरचे तेल शोषणे, रासायनिक क्रिया घडविणाऱ्या द्रव्यास बसावयास जागा देणे, ही त्यांपैकी काही. इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठातील संशोधनातून अशाच सच्छिद्र पॉलिस्टायरीनच्या पातळ चकत्या निघाल्या. त्यांच्या पोकळ्यांत जिवंत पेशी वाढविता येतात. सपाट काचेवर पेशी चटईसारख्या पसरतात. येथे त्या शरीरातल्याप्रमाणे चहूंबाजूंनी वाढतात.

या पदार्थाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मध्यस्थ द्रव्य बरेच लागते, ते धुऊन काढावे लागते. स्टायरीन खनिज तेलापासून येते. आणि ठोकळा पुष्कळदा खडूसारखा ठिसूळ होतो. म्हणूनच हा पदार्थ घागरी-बादल्यांसारखा बाजारात मांडलेला दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम अजून चालू आहे, आणि तेच काम आमच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

या विद्येचा इतिहास आपणांस उद्बोधक वाटेल. पाणी आत ठेवून स्टायरीनचे असे पायस घट्ट करण्याचे काम बार्टल आणि फॉन बोनिन या जर्मन रसायनज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. पुढे बार्बी आणि हक या दोघांनी सांगितलेल्या पद्धतीचे पेटंट १९८२ साली युनिलिव्हर कंपनीच्या नावे प्रसिद्ध झाले, आणि या जातीच्या पदार्थास "पॉलिहाइप" हे नाव रूढ झाले. युनिलिव्हर ही कंपनी कोणती? साबणाची आणि खाद्यस्नेहांची. तिच्याच येथील शाखेने १९३७ साली डालडा बाजारात आणला. गिरण्या आल्या, वनस्पती तूप आले, डब्यातले शुद्ध केलेले तेल आले आणि गावोगावचे घाणे थांबले. यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही; काळ बदलतो. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्यांचाही व्यवसाय तेलाचाच होता आणि आपलाही. त्यांनी तेलाशेजारी प्रयोगशाळा उभी केली. आपल्याजवळ हाताला कळणारे ज्ञान होते, पण ते लिहून घेणारी वही नव्हती आणि मुलाला पुढे शिकविण्याची ऐपत नव्हती. घाणा थांबला त्या दिवशी ते ज्ञानही थांबले.

आज ती वही आपल्या आवाक्यात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तेथे डॉ. गुरुस्वामी कुमारस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायसाऐवजी बर्फाचा साचा घेतला. द्रावण गोठविले म्हणजे बर्फाचे स्फटिक वाढताना इतर द्रव्यास बाजूस ढकलतात. ते द्रव्य स्फटिकांच्या मधल्या भिंतींत साचते, तेथेच त्याचे आडवे बंध बांधले जातात, आणि बर्फ वितळून गेला की सच्छिद्र स्पंज उरतो. पाणी आणि तेल दोन्ही शोषणारा असा स्पंज त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. साचा बर्फाचा असो की थेंबाचा, तत्त्व एकच.

त्याहून जवळचे उदाहरण नागपूरचे. कामठीचे दानशूर रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठास उद्योगोपयोगी विज्ञानशिक्षणासाठी दिली, आणि तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. २०२३ साली तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. या संस्थेत तेल-तंत्रज्ञान हा विषय पदवीसाठी शिकविला जात आला आहे. ज्या विषयाच्या नावावरून आपल्या समाजाचे नाव पडले, त्याची पदवी आपल्याच विदर्भात मिळते, आणि आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

आणखी एक वार्ता सांगतो. स्टायरीनऐवजी वनस्पतितेल घेऊन सच्छिद्र बहुवारिक करता येईल काय, याचा शोध घेताना लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २००९ साली सोयाबीनच्या तेलात रासायनिक बदल करून असा पदार्थ घडविला. थेंब टिकविण्यासाठी त्यांनी साबणासारख्या मध्यस्थाऐवजी जीवाणूंनी तयार केलेले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू वापरले. सेल्युलोज म्हणजे कापूस ज्याचा बनतो, तेच द्रव्य. सोयाबीन आणि कापूस! कोरपना तालुक्याच्या काळ्या जमिनीत उभा राहून मनुष्य ज्या दोन पिकांकडे पाहतो, त्या पिकांच्या द्रव्यांचा हा विषय आहे. आपण ती बाजारात क्विंटलने विकतो आणि भाव पडला की कपाळावर हात मारतो. त्या तेलाचा लिटरभर भाग गुंठ्यांच्या जमिनीएवढा पृष्ठभाग होऊ शकतो, हे शोधणारा मनुष्य आपल्या घरातून का निघू नये?

म्हणून आता मूळ मुद्द्याकडे येतो. समाजाचा निधी यंदा सभामंडपावर खर्चावा की विद्यार्थ्यांवर, हा प्रश्न आजच्या सभेपुढे यावयाचा आहे. मंडपाची गरज आम्ही नाकारीत नाही. लग्नकार्याचे दिवस आम्हीही उन्हात काढले आहेत. परंतु मंडप दोन वर्षे थांबू शकतो. बारावी झालेली मुलगी थांबू शकत नाही. दोन वर्षांत तिचे लग्न झालेले असते आणि मुलगा कंत्राटावर कोठेतरी लागलेला असतो. रसायनशास्त्र घेऊन करणार काय, मुलीला नागपूरला ठेवावयाचे कसे, हे प्रश्न घरोघर विचारले जातात आणि तेथेच संपतात. आमची सूचना अशी की, निधीतून दरवर्षी दोन विद्यार्थ्यांच्या, त्यांत एक मुलगी असावी, नागपूर अथवा पुणे येथील राहण्या-जेवण्याचा खर्च समाजाने उचलावा. विषय विज्ञानाचा असावा. तेल-तंत्रज्ञान अथवा बहुवारिकशास्त्र असल्यास प्रथम पसंती द्यावी. आणि ज्या वृद्धांनी घाणा स्वतः हाकला, त्यांजजवळ बसून त्यांचे ज्ञान मुलांनी लिहून घ्यावे: तिळावर पाणी किती, जवस कधी पिळावा, मोहाच्या बियांचे तेल थंडीत गोठते तेव्हा काय करावे. या वहीला पैसा लागत नाही. फक्त उशीर परवडत नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच आहे. तेलाशी असलेला आपला संबंध लाटेशी आणि बैलाशी बांधलेला नव्हता. तो तेल आणि पाणी यांच्या स्वभावाच्या ओळखीशी होता. ती ओळख आज अधिक खोल झाली आहे, आणि तिच्याकडे जाणारी वाट शाळेतून आहे. त्या वाटेचे भाडे समाजाने द्यावे, इतकीच प्रार्थना.